दुचाकीच्या ‘मेंदू’त बदल : फायदा किती, जोखीम किती?

बुलढाणा : मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याकडे निघालेला दुचाकीस्वार राजूर घाट चढून वर येतो, तेव्हा त्याने जवळजवळ चारशे मीटरची उंची गाठलेली असते. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर बुलढाणा शहर साडेसहाशेच्या जवळपास आहे. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ तालुके अशी जिल्ह्याची विभागणी येथील माणूस बोलता बोलता सहज करतो. ही विभागणी शेतीची आणि राजकारणाची आहे, तशीच ती दुचाकीच्या इंजिनालाही कळणारी आहे. घाट चढल्यावर हवेचा दाब घटतो आणि तापमान तेच धरले तरी इंजिनाच्या प्रत्येक श्वासात चार ते साडेचार टक्के हवा कमी येते. ऋतूंचा फरक तर याहून मोठा. घाटाखाली मे महिन्यात दुपारी पारा ४४ अंशांवर गेलेला असताना मिळणारी हवा डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना मिळणाऱ्या हवेपेक्षा जवळजवळ अकरा टक्क्यांनी विरळ असते. हवा कमी झाली की पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी व्हावे लागते. हा हिशेब पूर्वी मिस्त्रीचा पेचकस करीत असे. आता तो आसनाखाली बसवलेली एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी करते.

या पेटीला ‘ईसीयू’ म्हणजे इंजिन नियंत्रण यंत्रणा म्हणतात. खामगाव, चिखली, शेगाव, मलकापूर येथील गॅरेजांत तरुण ग्राहक अलीकडे जी मागणी करताना दिसतात, ती याच पेटीच्या संदर्भात आहे. गाडीचा पिकअप वाढवायचा, इंजिन कमी तापावे असे वाटते, सायलेन्सर बदलल्यानंतर येणारे फटाक्यांसारखे आवाज थांबवायचे, अशी कारणे सांगून ईसीयूला जोडावयाची निरनिराळी बाहेरची यंत्रे विकत घेतली जातात. इंटरनेटवरून मागवलेल्या साध्या यंत्राला पाच-सात हजार, इंजेक्शनबरोबर स्पार्कचे टायमिंगही बदलणाऱ्या यंत्राला साधारण पंधरा-वीस हजार आणि परदेशी बनावटीचे असल्यास त्याहूनही अधिक रुपये मोजावे लागतात. सोयाबीन-कपाशीच्या हंगामावर घरखर्च चालणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. या पैशांतून नेमके काय मिळते आणि त्याबरोबर कोणती जोखीम पदरात पडते, हे मात्र विकणाऱ्यांपैकी फारच थोडे जण सांगतात.

कार्बोरेटरचे दिवस

कार्बोरेटरचे तत्त्व साधे होते. इंजिनात ओढली जाणारी हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाई, तेथे दाब कमी होई आणि त्या कमी दाबाने जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाई. छिद्राचा आकार ठरलेला असे. हवा गरम आहे की थंड, गाडी घाटावर आहे की घाटाखाली, याची कार्बोरेटरला फारशी जाण नसे. म्हणूनच थंडीत चोक ओढावा लागे, उन्हाळ्यात गाडी अॅव्हरेज देईना झाली की स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवावा लागे आणि अनुभवी मिस्त्री प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहून निदान करीत असे. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, विटकरी म्हणजे ठीक. ही विद्या अचूक नव्हती. पण ती स्वस्त होती आणि प्रत्येक गावात उपलब्ध होती.

इंजेक्शनची पद्धत मोटारसायकलींत नवी नाही. जपानच्या कावासाकी कंपनीने १९८० मध्ये आपल्या एक हजार सीसीच्या मोटारसायकलीवर ती आणली. भारतात सर्वसामान्यांच्या गटातील गाडीवर ती २००६ मध्ये हीरो होंडाच्या ‘ग्लॅमर एफआय’च्या रूपाने आली. पुढच्याच वर्षी पुण्याच्या बजाज ऑटोने ‘पल्सर २२०’ इंजेक्शनसह बाजारात आणली. परंतु २००९ मध्ये याच गाडीची कार्बोरेटरची आवृत्ती काढून कंपनी मागे आली. ग्राहक तेव्हा तयार नव्हता आणि खेड्यातला मिस्त्रीही. २००८ मधील यामाहाची ‘आर १५’ आणि २००९ मधील रॉयल एनफिल्डची ‘क्लासिक ५००’ यांनी मात्र इंजेक्शनला तरुणांमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ची प्रदूषण मानके लागू झाली आणि हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिला नाही. कार्बन मोनॉक्साइडसाठी किलोमीटरमागे एक ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी अवघे ०.०६ ग्रॅम अशा मर्यादा जुन्या कार्बोरेटरला पाळता येण्याजोग्या नव्हत्या. काही शंभर सीसीच्या गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरचा तडजोडीचा मार्ग निघाला. परंतु बाकी जवळजवळ सर्व दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे शहरातल्या हौशी स्वारांपुरता असलेला हा विषय आता बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचाही झाला आहे.

थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब

इंजेक्शनची यंत्रणा किती सूक्ष्म काम करते, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय तिच्यात हात घालण्याचा अर्थ कळत नाही. दोनशे सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० वेळा हवा आत घेते. अॅक्सिलरेटर पूर्ण उघडलेला असताना दर वेळी साधारण ०.२ ग्रॅम हवा आत येते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका भागाला १४.७ भाग हवा लागते, हे रसायनशास्त्राचे प्रमाण धरले तर त्या हवेसाठी १३ ते १४ मिलिग्रॅम पेट्रोल पुरते. पाण्याच्या साध्या थेंबाचा हा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढे पेट्रोल पंपाने साधारण तीन बार दाबाने आणून ठेवलेले असते आणि इंजेक्टरची झडप सेकंदाचे काही सहस्रांश उघडून ते फवारले जाते. झडप किती वेळ उघडी ठेवायची, एवढाच ईसीयूचा मुख्य निर्णय आहे. बाकी सारे त्या निर्णयासाठी लागणारी माहिती गोळा करण्याचे काम.

ही माहिती सेन्सर देतात. अॅक्सिलरेटर किती उघडला आहे, इनटेकमधील हवेचा दाब किती, तिचे तापमान किती, इंजिन किती तापले आहे, क्रँक कोणत्या स्थितीत आहे, हे सर्व क्षणोक्षणी ईसीयूकडे पोहोचते. ईसीयूच्या स्मृतीत एक कोष्टक साठवलेले असते. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला अॅक्सिलरेटरचे उघडणे किंवा हवेचा दाब आणि प्रत्येक चौकोनात इंधनाचा आकडा. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘मॅप’ म्हणतात. कोष्टकातील आकडा घेऊन ईसीयू त्यात तापमान आणि दाबाप्रमाणे दुरुस्ती करतो. राजूर घाट किंवा खामगाव रस्त्यावरचा बोथा घाट चढताना इंजेक्शनची गाडी कार्बोरेटरच्या गाडीसारखी जड होत नाही, त्याचे कारण हेच. हवा विरळ झाल्यामुळे शक्ती थोडी कमी होतेच, ती कोणताही ईसीयू परत आणू शकत नाही; पण मिश्रण बिघडत नाही.

सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा या व्यवस्थेतील शेवटचा आणि वादाचा दुवा. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो कमी व्होल्ट दाखवतो, उरला नसेल तर जास्त. त्यावरून ईसीयू ओळखतो की मिश्रणात हवा जास्त झाली, म्हणजे ते ‘लीन’ झाले, की पेट्रोल जास्त होऊन ते ‘रिच’ झाले. एका समान गतीने गाडी चालत असताना ईसीयू सतत थोडे पेट्रोल वाढवीत आणि थोडे कमी करीत १४.७ च्या आसपास राहतो. सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो याच पट्ट्यात. अॅक्सिलरेटर पूर्ण उघडल्यावर मात्र ईसीयू या सेन्सरकडे दुर्लक्ष करून कोष्टकातील आकड्यांवर चालतो आणि शक्तीसाठी मिश्रण मुद्दाम रिच करतो.

आता तक्रारीचे मूळ स्पष्ट होते. चालकाला सर्वांत जास्त वेळ ज्या गतीत गाडी चालवावी लागते, नेमक्या त्याच गतीत प्रदूषणाचे मानक आणि अॅव्हरेज या दोहोंसाठी मिश्रण काटेकोर ठेवलेले असते. परिणामी काही गाड्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देतात, उन्हाळ्यात मांड्यांना झळ लागते, अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात. ही तक्रार काल्पनिक नाही. तेरा ते साडेतेरा प्रमाणाचे मिश्रण दिले तर इंजिन अधिक मऊ चालते, थोडे थंड राहते, हेही खरे. बाहेरच्या यंत्रांचा बाजार या खऱ्या तक्रारीवर उभा आहे.

यंत्रे कोणती, ती काय करतात

पहिला प्रकार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा. हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरमध्ये एक रेझिस्टर किंवा लहानसे सर्किट बसवले जाते. बाहेर ४० अंश असताना ते ईसीयूला २० अंश असल्याचे भासवते. थंड हवा दाट असते, म्हणून ईसीयू सहा-सात टक्के पेट्रोल वाढवतो. इतकेच. काही परदेशी कंपन्या हाच उपाय अभ्यासपूर्वक, तापमानानुसार बदलणाऱ्या सर्किटसह विकतात आणि ते प्रामाणिकपणे सांगतातही. परंतु ऑनलाइन बाजारात ‘पॉवर चिप’ म्हणून दोनशे-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या वस्तूत आणि दुरुस्तीच्या दुकानात दोन-पाच रुपयांना मिळणाऱ्या रेझिस्टरमध्ये अनेकदा फरक नसतो. शिवाय समान गतीत ऑक्सिजन सेन्सर ही लबाडी लगेच पकडतो आणि ईसीयू वाढवलेले पेट्रोल पुन्हा कमी करतो. काही दिवस गाडी ‘वेगळी’ वाटते, मग पूर्वीसारखी होते, असा अनेकांचा अनुभव असतो, त्यामागे हे कारण आहे.

दुसरा प्रकार ‘पिगीबॅक’चा. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये हे यंत्र बसते. ईसीयूने झडप चार सहस्रांश सेकंद उघडी ठेवण्याचा आदेश दिला की हे यंत्र तो आदेश अडवून आपल्या कोष्टकाप्रमाणे काही टक्के वाढवून किंवा घटवून पुढे पाठवते. अमेरिकेतील डायनोजेट कंपनीचा ‘पॉवर कमांडर’ हे या प्रकाराचे जगभर परिचित नाव. भारतात बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स या कंपनीने ‘पॉवरट्रॉनिक’ हे यंत्र देशी बाजारातील गाड्यांसाठी बनवले. केटीएम, यामाहा, रॉयल एनफिल्ड, बजाज अशा गाड्यांचे मालक त्याचे प्रमुख ग्राहक. अशी काही यंत्रे इंधनाबरोबर स्पार्कचे टायमिंगही बदलतात, फेऱ्यांची कमाल मर्यादा वाढवतात आणि एका बटणाने दोन मॅपमध्ये अदलाबदल करू देतात. गाडीचा मूळ ईसीयू हात न लावता तसाच राहतो, यंत्र काढले की गाडी पूर्ववत होते, हा त्यांचा मोठा फायदा.

तिसरा मार्ग ‘रिफ्लॅश’चा, म्हणजे मूळ ईसीयूची स्मृती वाचून त्यातील कोष्टकच बदलण्याचा. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत स्वच्छ मार्ग. कारण दोन मेंदूंची ओढाताण उरत नाही. परंतु लिहिताना वीज गेली किंवा फाइल चुकीची निघाली, तर ईसीयू निकामी होतो. संपूर्ण ईसीयूच बदलून नवा बसवणे हा चौथा मार्ग शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे. ‘स्पीडुइनो’सारख्या खुल्या प्रकल्पांमुळे तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला आहे; शिकण्यासाठी त्याहून चांगली प्रयोगशाळा सापडणे कठीण. रोजच्या गाडीवर मात्र तो कोणी सुचवू नये.

यंत्र कोणतेही असो, ऑक्सिजन सेन्सरचा प्रश्न सर्वांसमोर येतोच. पिगीबॅकने आठ टक्के पेट्रोल वाढवले की सेन्सर ‘रिच’ असे सांगतो आणि ईसीयू ते कापू लागतो. मग एक तर सेन्सर काढून तेथे त्याचा आभास निर्माण करणारा खोटा प्लग लावला जातो, किंवा सेन्सरचा संदेशच बदलून पाठवला जातो. दोन्ही उपायांत ईसीयूचे डोळे बांधले जातात. त्यानंतर इंजेक्टर अर्धवट तुंबला, पेट्रोलचा दाब घटला किंवा एअर फिल्टर शेतरस्त्याच्या धुळीने भरला, तरी ते दुरुस्त करणारा कोणी उरत नाही. थोडक्यात, लाखभराची इंजेक्शनची गाडी पुन्हा कार्बोरेटरच्या काळात जाते, फरक एवढाच की आता पेचकस चालत नाही.

पेट्रोलचा खर्चही वाढतो. मिश्रण १४.७ वरून १३.५ वर आणणे म्हणजे त्याच हवेला जवळजवळ नऊ टक्के अधिक पेट्रोल देणे. महिन्याला वीस लिटर पेट्रोल लागणाऱ्याला जवळपास दोन लिटर अधिक लागते. ‘पिकअपही वाढेल आणि अॅव्हरेजही’ असे एकाच वेळी सांगणाऱ्या विक्रेत्याकडे ग्राहकाने संशयाने पाहावे. कमाल शक्तीतील वाढ तर, सायलेन्सर आणि एअर फिल्टर मूळचेच असतील तर, काही टक्क्यांपलीकडे जाण्याचे कारण नाही. कारण पूर्ण अॅक्सिलरेटरवर कंपनीने मिश्रण आधीच रिच ठेवलेले असते. जाणवतो तो बदल मधल्या पट्ट्यातील सहजतेचा.

बेंगळुरूचा मॅप, मलकापूरचा उन्हाळा

यंत्राबरोबर तयार मॅप मिळतात किंवा मित्राच्या गाडीचा मॅप उतरवून घेतला जातो. खरा धोका येथे आहे. बेंगळुरू नऊशे मीटरहून अधिक उंचीवर आणि बाराही महिने सौम्य हवेचे शहर आहे. तशा हवेत तयार केलेला इंधनाचा मॅप मलकापुरात फारसा बिघडणार नाही, कारण दाब आणि तापमानाची मूळ दुरुस्ती ईसीयू करीतच असतो. परंतु स्पार्कच्या टायमिंगचे तसे नाही. शक्ती वाढवण्यासाठी पिगीबॅक स्पार्क लवकर पाडतो. घाटाखाली हवेचा दाब जास्त, त्यामुळे सिलिंडर अधिक भरतो. हवा आधीच ४४ अंशांची. त्यात लवकर पडलेला स्पार्क. अशा वेळी उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच स्वतःहून पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनातून टकटक आवाज येतो, तो वाऱ्याच्या आणि मोठ्या सायलेन्सरच्या आवाजात ऐकू येत नाही आणि काही वेळाने पिस्टनचा माथा झिजतो किंवा वितळतो. मोटारींच्या इंजिनांवर नॉकिंग ओळखणारा सेन्सर पुष्कळदा असतो. आपल्याकडील बहुतेक दुचाकींवर तो नसतो.

फेऱ्यांची मर्यादा वाढवण्याबाबत लोक फार बेफिकीर असतात. कनेक्टिंग रॉडवर येणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा हजारांची मर्यादा अकरा हजार केली, तर फेरे दहा टक्क्यांनी वाढतात, पण बल एकवीस टक्क्यांनी. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग मूळ मर्यादेसाठीच बनवलेल्या असतात.

योग्य ट्यूनिंग करावयाचे झाल्यास गाडी रोलरच्या डायनॅमोमीटरवर चढवून, सायलेन्सरमध्ये विस्तृत पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर लावून, कोष्टकाचा एकेक चौकोन तपासत जावे लागते. पुणे, मुंबई, बेंगळुरूसारख्या शहरांत ही सोय पैसे मोजल्यास मिळू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी मिस्त्री बहुधा ‘रस्त्यावर फिरवून बघतो’ यावरच काम भागवतो. कानाने कार्बोरेटर जुळवता येत असे. कानाने हवा-पेट्रोलचे प्रमाण १३.२ आहे की १२.४, हे ओळखता येत नाही.

इथेनॉलचा नवा पेच

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेल्यापासून अॅव्हरेज घटल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि त्यावर उपाय म्हणून हीच यंत्रे सुचवली जातात. येथे रसायनशास्त्र आडवे येते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला एका भागास नऊ भागच हवा लागते. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत त्यामुळे मिश्रण लीन होते, इंजिन तापते, थंडीत सुरू होण्यास कुरकुर करते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि समान गतीत ईसीयू पेट्रोल वाढवून घेतो. पूर्ण अॅक्सिलरेटरवर, जेथे सेन्सरचे ऐकले जात नाही, तेथे जुन्या मॅपच्या गाडीला थोडी तूट राहू शकते. ती भरून काढण्यास पिगीबॅक उपयोगी पडतो, हे मान्य करावे लागेल.

परंतु घटलेले अॅव्हरेज तो परत आणू शकत नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश उष्णता असते. वीस टक्के मिश्रणात त्यामुळे साडेसहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट अंदाजली होती. चालकांचा अनुभव गाडीगणिक आणि रस्त्यागणिक वेगळा येतो. जी ऊर्जा टाकीतच आली नाही, ती वायरींच्या मध्ये बसवलेल्या डबीतून निघणार नाही. अॅव्हरेजसाठी यंत्र घेणाऱ्याचे पैसे वाया गेलेच म्हणून समजावे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापासून बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणाऱ्या गाडीसाठी कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थेत गाडीच्या नमुन्याला मान्यता मिळते ती मूळ ईसीयू, मूळ सायलेन्सर आणि मूळ कन्व्हर्टर यांच्या एकत्रित चाचणीवर. त्यांपैकी एक बदलला तरी चाचणीतील आकड्यांचा आधार उरत नाही. म्हणूनच अशी पुष्कळ यंत्रे ‘केवळ शर्यतीच्या मैदानासाठी’ अशी बारीक अक्षरांतील सूचना छापून विकली जातात. एमएच-२८ ची पाटी लावून रोज एसटी स्टँडसमोरून जाणाऱ्या गाडीला ती सूचना काय संरक्षण देणार?

प्रत्यक्षात कारवाई होते ती सायलेन्सरवर, कारण तो ऐकू येतो. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याची छायाचित्रे राज्यातील अनेक शहरांतून प्रसिद्ध झाली आहेत. आसनाखालची पेटी कोणी उघडून पाहत नाही. पीयूसी केंद्रावरील तपासणीही गाडी उभी असताना, इंजिन संथ चालू ठेवून होते. मधल्या गतीत वाढवलेले पेट्रोल तिथे दिसतेच असे नाही. पकडले न जाणे आणि धूर न सोडणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. मिश्रण रिच झाले की कार्बन मोनॉक्साइड अनेक पटींनी वाढतो, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पोहोचून तेथे जळते आणि त्याची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी वितळून बंद होऊ शकते. मग गाडीचा पिकअप आधीपेक्षाही पडतो. एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींत बिघाडावर स्वतः लक्ष ठेवणारी ओबीडी-२ यंत्रणा आहे, एप्रिल २०२५ पासून तिचा पुढचा टप्पा लागू झाला आहे. या गाड्यांत सेन्सरशी छेडछाड केल्यास डॅशबोर्डवरील पिवळा दिवा लागण्याची शक्यता अधिक आणि नोंद ईसीयूच्या स्मृतीत राहते. वॉरंटीचा दावा करताना ती नोंद सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर प्रथम दिसते.

गाडी धक्के देते, तापते, खेचत नाही, ही तक्रार असलेल्या मालकाने यंत्राचे पैसे काढण्याआधी काही साध्या गोष्टी करून घ्याव्यात, असे जाणते मिस्त्री सांगतात. थ्रॉटल बॉडी साफ करून घेणे, एअर फिल्टर बदलणे, प्लग आणि व्हॉल्व्हची फट तपासणे, चेन ताणून वंगण देणे आणि पेट्रोल पंपाचा दाब मोजून घेणे. घाटाखालच्या काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, त्यामुळे पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच तो बदलावा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचे नवे सॉफ्टवेअर आले आहे का, हे विचारून घ्यावे. धक्क्यांच्या तक्रारीवर कंपन्या असे सुधारित मॅप काढतात आणि ते कायदेशीर असतात.

एवढे करूनही ज्याला यंत्र बसवायचेच आहे, त्याने वायरिंग कापू देऊ नये. गाडीच्या मूळ कनेक्टरमध्ये बसणारे जोड असलेले यंत्र पंधरा-वीस मिनिटांत काढता येते. कापून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरीचा जोड पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडतो आणि इंजेक्टरचा संदेश मध्येच तुटून गाडी घाटाच्या वळणावर बंद पडते. तेव्हा दोष यंत्राचा, जोडाचा की मूळ ईसीयूचा, हे शोधण्यात दोन दिवस जातात, आणि जोडाला हात लावण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडायला कोणी विसरले, तर ईसीयूची किंमतही त्या हिशेबात धरावी लागते.